माका आणि शाई

सिल्वासाजवळ दमणगंगेच्या काठी, ओलसर बांधांवर, पांढऱ्या बारीक फुलांचा माका उगवतो. त्याचे पान बोटांत चुरडावे, म्हणजे रस पाहता पाहता काळा पडतो. चिनी वैद्यांनी या वनस्पतीच्या नावात ‘शाई’ हा शब्द घातला, तो यामुळेच. आपल्याकडे हा रस तिळाच्या तेलात मंद आचेवर, पाण्याचा अंश आटेपर्यंत, कढवितात. चिनी वैद्यक तो मुख्यतः काढ्यातून पोटात देते. उंदरांवरील प्रयोगांत माक्याने केस वाढलेले दिसले. माणसांविषयी तेवढा भक्कम पुरावा नाही. तेल चोळल्याने सहसा अपाय होत नाही, एवढे खरे.

‘हो-शौ-वू’ या चिनी मुळीची गोष्ट निराळी. नावाचा अर्थच मुळी ‘हो यांचे काळे डोके’! काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवून ती पोटात घेतात. तिच्यामुळे यकृतास सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली, आणि २००६ साली ब्रिटनच्या औषध-नियंत्रकांनी सावधगिरीची सूचना काढली. जाहिरातींत याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ती घेणाऱ्याचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, तर औषध तत्काळ थांबवून डॉक्टर गाठावा. केस एकाएकी गळू लागल्यास आधी रक्त तपासून घ्यावे. पंडुरोगाने गळणारे केस माक्याच्या तेलाने थांबत नाहीत.