रणगाड्यात माणूस कुठे बसतो?

युद्धसंग्रहालयांची वाट : लेखांक ६

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात शिरणारा प्रेक्षक आधी तोफेच्या नळीकडे जातो. तिच्याखाली उभे राहून फोटो काढतो आणि पुढच्या रणगाड्याकडे वळतो. १९९४ मध्ये लष्कराने उभारलेल्या या संग्रहालयात देशोदेशींची चिलखती वाहने आहेत. सगळ्यांच्या नळ्या पाहून झाल्या, तरी निम्मे संग्रहालय पाहायचे राहिलेले असते. नजर जरा वर न्यावी. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या भागावर, एक झाकण असते. त्याखाली किती माणसे बसत आणि कोण काय करी, हे कळले की लोखंडाचा तो ढीग बोलू लागतो.

जपानी ‘टाइप ९५ हा-गो’ पाहा. वजन साडेसात टनांच्या आत आणि चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतके. आत तीन माणसे, पण टरेटमध्ये कमांडर एकटाच. शत्रू शोधायचा त्यानेच, गोळा भरायचा त्यानेच, नेम धरायचा त्यानेच आणि चालकाला वाट सांगायचीही त्यानेच. चार जणांचे काम एकावर टाकणारा हा आराखडा चीनमधल्या मोहिमांत खपून गेला. तोडीस तोड रणगाडे समोर आले तेव्हा नडला.

अमेरिकी ‘एम ३’ मध्ये माणसे भरपूर होती. अडचण दिसण्याची होती. १३ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळच्या नुंगशिगुम डोंगरावर डोगरा पायदळासोबत असे रणगाडे चढवले गेले. अरुंद, उभी चढण. झाकण लावून वाट दिसेना, म्हणून कमांडरांनी डोकी बाहेर काढली आणि जपानी गोळ्यांनी ती टिपली. रणगाड्यांच्या तुकडीचा एकही अधिकारी धड उरला नाही. शेवटी एका सार्जंट मेजरने सूत्रे हाती घेऊन माथा सर केला. त्या लढाईविषयी वाचून आलेल्याला ते झाकण निव्वळ लोखंडी तबकडी वाटत नाही.

मग येतो पॅटन. १९६५ मध्ये पाकिस्तानची सारी भिस्त या अमेरिकी रणगाड्यावर होती. ८ ते १० सप्टेंबरच्या दरम्यान खेमकरण भागात, असल उत्तर गावाजवळ, भारताकडे सेंच्युरियन होते, पण त्यांच्यासोबत दुसऱ्या महायुद्धातले शर्मन आणि हलके एएमएक्स-१३ सुद्धा होते. कागदावर पॅटन सरस. त्याचे अंतर मोजण्याचे यंत्र मात्र सरावल्या हाताशिवाय कामाचे नव्हते. शिवाय भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले होते. पॅटन चिखलात रुतले, आणि उभ्या उसात आतल्या माणसाला चार हातांपलीकडचे दिसेना. त्याच उसाच्या आडोशाने भारतीय जवान अब्दुल हमीद जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन दबा धरून होते. उघड्या जीपवरून त्यांनी पॅटन फोडले, तिथेच त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पाकिस्तानने तिथे नव्वदहून अधिक रणगाडे गमावले.

एका लढाईशी तर नगरचे थेट नाते आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा इथेच प्रशिक्षण घेत होते. अभ्यासक्रम अर्धवट सोडून ते आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटकडे धावले. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियनने पेट घेतला. बाहेर पडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, असे रेडिओवर कळवून ते आतच राहिले आणि लढत राहिले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. त्यांच्यासोबत रेडिओ सांभाळणारे नंद सिंग यांनीही प्राण गमावले. खेत्रपालांच्या परमवीरचक्राच्या कथेत चालक, तोफची आणि रेडिओवाला हे तिघे फार क्वचित येतात, ही उणीव भरून निघायला हवी. ‘फामागुस्ता’ नावाचा तो सेंच्युरियन दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केला आहे.

पुढच्या आठवड्यात : मुंबईत तरते संग्रहालय झालेली आणि २०१४ मध्ये भंगारात निघालेली जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’.