गोल्फ : आधी वेग, मग रेषा

मानखुर्दहून हार्बर मार्गाने सीएसएमटीकडे निघाले की दुसरे स्थानक चेंबूर. तिथे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे. गोल्फ म्हटले की लांबवर जाणारा फटका आठवतो. पण १८ होलच्या मैदानाचा ‘पार’ ठरवताना प्रत्येक होलसाठी दोन ‘पट’, म्हणजे एकूण ३६ हलके फटके धरलेले असतात. डाव हातचा जातो तो बहुधा इथेच.

होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. ती क्वचितच सपाट असते. नवखा खेळाडू उतार पाहून आधी दिशा ठरवतो आणि मग अंदाजाने चेंडू ढकलतो. विज्ञान सांगते, क्रम उलटा हवा. उतार चेंडूला सतत खाली ओढत असतो. चेंडू हळू असेल तर ही ओढ जास्त वेळ लागते आणि तो जास्त वळतो. म्हणून वेग ठरल्याशिवाय ‘बरोबर रेषा’ असे काही नसतेच.

वेग तरी किती? होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. हळू आलेला चेंडू काठावरूनही आत पडतो. वेग वाढला की होल जणू आक्रसते. सपाट ग्रीनवर चेंडू सेकंदाला सुमारे १.६ मीटरहून वेगात आला, तर नेमका मधोमध येऊनही तो होल ओलांडून जातो. कॅरममध्ये जोरात मारलेली सोंगटी पॉकेटच्या कडेवर आपटून परत येते, तसाच हा प्रकार. अमेरिकी प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांचा सल्ला प्रसिद्ध आहे : होल चुकलेच तर चेंडू सुमारे १७ इंच पुढे जाऊन थांबावा.

चढ-उताराने हिशेब किती बदलतो? मध्यम वेगाच्या ग्रीनवर, सपाटीवर ३ मीटर जाणारा चेंडू मीटरला दोन सेंटीमीटर उतारावर खाली सुमारे ४ मीटर जातो. तेवढ्याच चढावर तो जेमतेम २.४ मीटर जातो. उतरणीवर जोराची छोटी चूकही महागात पडते ती यामुळे.

त्यात गवताचाही वाटा असतो. उष्ण प्रदेशांत अनेक ग्रीनवर बर्म्युडा गवत असते. ते आपल्या हरळीच्याच कुळातले. पाती झुकलेल्या दिशेने चेंडू अधिक पळतो, उलट दिशेने अडखळतो.

आडव्या उतारावर चुकायचेच, तर वरच्या बाजूने चुकावे. होलच्या खालून निघालेला चेंडू दूरच जात राहतो. वरून आलेल्याला खाली वळून आत पडण्याची संधी उरते.

सरावाचा सोपा मार्ग : होलकडे न पाहता एकाच जागेवरून चढावर, उतरणीवर आणि आडवे काही चेंडू मारावेत आणि ते कुठे थांबतात ते पाहावे. अंतराचा अंदाज हाताला बसला, की रेषा शोधणे सोपे जाते.