भिंतीवरच्या दिव्याचा प्लग कापण्याआधी...

ऑनलाइन मागवलेला भिंतीवरचा दिवा घरी येतो, तेव्हा त्याला दीड-दोन मीटर वायर आणि टोकाला प्लग असतो. ईदच्या आधी घराला रंग काढला की ही लोंबणारी वायर सगळ्यात आधी डोळ्यांत खुपते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "प्लग कापून वायर भिंतीत घेऊ, दहा मिनिटांचं काम!" आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून ओळखीपाळखीचे हा प्रश्न आम्हाला हमखास विचारतात. काम होण्यासारखं आहे. पण ते दहा मिनिटांचं नाही आणि सगळंच आपल्या हातानं करण्याचंही नाही.

प्लग काय करत होता?

बल्ब बदलायचा असला की आपण प्लग उपसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम सुटतात, दिवा पूर्ण मोकळा होतो. तो मोकळा झालाय हे डोळ्यांना दिसतंही. प्लग गेला की ही सोय जाते. आता सगळी भिस्त भिंतीवरच्या स्विचवर. तो स्विच फेजच्या तारेवरच असायला हवा. तो चुकून न्यूट्रलवर बसला, तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये करंट राहतो. बल्ब बदलणाऱ्याला वाटतं, स्विच बंद आहे, आता कसली भीती!

चुडीवाला म्हणजे ई-27 होल्डर असेल, तर फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या चुडीला जोडतात. कारण बल्ब फिरवताना बोट लागतं ते चुडीला.

आधी दिवा नीट पाहा

वायरच्या टोकाला मोबाइलच्या चार्जरसारखा डबा आहे का? मग तो दिवा 5 किंवा 12 व्होल्टचा असतो. डबा कापून त्याला घरातली 230 व्होल्टची लाइन दिली, तर दिवा जळेल, आगही लागू शकेल. असा दिवा आहे तसाच वापरावा.

दिव्याची बॉडी धातूची असेल, तर तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार हवी. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर इन्सुलेशन दुहेरी आहे, अर्थिंग लागत नाही. धातूची बॉडी, दोनच तारा आणि खूणही नाही, असा दिवा भिंतीत पक्का करू नये. कंपनीच्या माहितीपत्रकात पक्क्या जोडणीला परवानगी आहे का, तेही वाचावं. वायर कापली की वॉरंटी बहुधा जाते.

"एवढासा दिवा, त्यात कसला धोका?"

हिशेब करून पाहू. 9 वॅटचा एलईडी बल्ब 230 व्होल्टवर साधारण 40 मिलिअँपिअर करंट घेतो. माणसाचा जीव वाचवण्यासाठी घरात जो आरसीसीबी बसवतात, तो 30 मिलिअँपिअर गळतीला लाइन तोडतो. म्हणजे एवढ्याशा बल्बमधून जाणारा करंटही माणसाला भारी पडू शकतो. दिव्यांच्या लाइनवरचा एमसीबी असतो 6 अँपिअरचा, म्हणजे 6000 मिलिअँपिअरचा. कुणाला शॉक बसला तर तो एमसीबी बहुधा पडणारच नाही. त्याचं काम तारा जळू न देणं. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. घरात नसेल, तर याच कामात बसवून घ्यावा.

रंगांचा घोळ

दिव्याच्या वायरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. आपल्याकडच्या घरांच्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग आणि लाल, पिवळी किंवा निळी फेज! म्हणजे तीच निळी तार दिव्यात न्यूट्रल, भिंतीत कदाचित फेज. जुन्या घरात तर हाताशी आली ती तार ओढलेली असते. म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये.

कोणतं काम कुणाचं?

बल्ब, पंखा, स्विच जसा होता तसाच बदलणं घरच्यांना चालतं. नवा पॉइंट काढणं, लाइन वाढवणं हे वायरिंगचं काम आहे आणि विद्युत सुरक्षेच्या नियमांप्रमाणे ते परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं असतं. आपण जागा ठरवावी, दिवा निवडावा आणि काम चालू असताना या गोष्टी पाहाव्यात:

- दिव्याची मऊ वायर भिंतीत गाडू नये. पाइप किंवा केसिंग पट्टीतून 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार यावी.
- जोड प्लास्टरमध्ये दडपू नये. तो बॉक्समध्ये, कनेक्टरनं केलेला आणि पुढे कधीही उघडता येईल असा असावा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार काही वर्षांत सैल होते, तापते.
- जिथून लाइन घेतली, तिथे अर्थिंग खरोखर आहे का, ते मोजून घ्यावं. तीन भोकांचा सॉकेट दिसला म्हणजे मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर दिव्यांच्या लाइनला वीज देतच राहतो. मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद करायला लावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो धड आहे ना ते बघावं, मगच आपल्या तारांवर लावावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाहीच.

काम संपलं की वायरमनला लगेच निरोप देऊ नका. दिव्याचा स्विच बंद करून होल्डरमध्ये फेज येत नाही ना, ते त्याच्याकडून तपासून घ्या. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तो खटकन पडला पाहिजे. कोणत्या एमसीबीवर हा दिवा आहे, ते बोर्डावर पेननं लिहून ठेवा. पुढे बल्ब बदलताना तोच एमसीबी खाली करायचा, हे घरातल्या अम्मीपासून पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत असू द्या.