ऑफिसातलं नेटवर्क (१४) : रब्बी सेव्ह होते, खरीप होत नाही

सामायिक फोल्डरच्या परवानग्यांचा विषय आज पुरा करायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण पांढरकवड्याहून आलेल्या एका पत्राने मला दुसरीकडेच ओढून नेलं. पत्र लिहिणाऱ्या बाई तिथल्या एका कार्यालयात लिपिक आहेत. केळापूर तालुक्याचा कारभार पांढरकवड्यातूनच चालतो, त्यामुळे गावोगावच्या पिकांच्या याद्या त्यांच्या टेबलावर येतात. त्या लिहितात, "रब्बीची यादी सर्व्हरवर सेव्ह होते, खरिपाची होत नाही. फोल्डर तोच, कॉम्प्युटर तोच. केबल बदलली, स्विच बंद-चालू करून पाहिला. आता सगळे म्हणतात, सर्व्हरच नवा घ्या."

सर्व्हर घेऊ नका. पत्रासोबतच्या फोटोतच उत्तर आहे.

यादी एक्सेलमध्ये आहे आणि अक्षरं कृतिदेवची. बाईंनी यादीचं शीर्षक उचलून फाइलच्या नावाच्या चौकटीत चिकटवलं. कृतिदेव जुन्या पद्धतीचा फॉन्ट. त्यात आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं. त्यांना मराठी आकार देतो तो फॉन्ट. फाइलच्या नावाला मात्र फॉन्ट लागू होत नाही, तिथे आतला मजकूर जसाच्या तसा जातो. 'रब्बी' म्हणजे आतून जे, मोठा सी, लहान सी आणि एच. चारही साधी अक्षरं. 'खरीप'ची सुरुवात होते डाव्या चौकोनी कंसाने, मग के, जे, एच, आय. आणि एक्सेल फाइलच्या नावात चौकोनी कंस चालवून घेत नाही. त्यालाही कारण आहे : एका वर्कबुकातून दुसऱ्यातला आकडा आणायचा, तर सूत्रात त्या दुसऱ्या फाइलचं नाव चौकोनी कंसातच लिहिलं जातं. नावातच कंस आला तर नाव कुठे संपलं ते एक्सेलला कळणार कसं? वर्डला ही अडचण नाही, म्हणून खरिपाचं पत्र बिनतक्रार सेव्ह होतं आणि खरिपाची यादी अडते. नेटवर्कचा यात काडीचा संबंध नाही.

हे एवढ्यावर थांबत नाही. विंडोजला फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत : \ / : * ? " < > |. कृतिदेवमध्ये यांतली बरीचशी चिन्हं अक्षरांच्या कामाला जुंपलेली आहेत. 'घ' प्रश्नचिन्हाने सुरू होतो, 'ध' तिरक्या रेघेने, 'ष' दुहेरी अवतरणचिन्हाने. 'झ' आणि 'ढ' हे कोनी कंस आहेत, 'रू' म्हणजे विसर्गासारखे दोन टिंब, 'द्य' म्हणजे उभी रेघ. म्हणजे घरकुल, धनादेश, कृषी, झाडे, विद्यार्थी यांपैकी कुठलाही शब्द चिकटवला की फाइल अडणार, आणि 'शेतकरी' मात्र निघून जाणार, कारण 'श'मधलं एकेरी अवतरणचिन्ह विंडोजला चालतं. 'आमच्याकडे काही फाइली सेव्ह होतात, काही होत नाहीत, नियमच सापडत नाही' अशी तक्रार ज्या ज्या कार्यालयातून येते, तिथे मी आता सगळ्यात आधी फॉन्ट विचारतो.

युनिकोडमध्ये टंकणाऱ्यांनीही निश्चिंत होऊ नये, कारण तिरकी रेघ आपल्या महसुली भाषेतच मुरलेली आहे. ७/१२ घ्या. गट क्रमांक ४५/२ घ्या. जावक क्रमांक, तारीख, सन २०२४/२५, सगळीकडे ती आहेच. कॉम्प्युटरला ती रेघ म्हणजे फोल्डर आणि त्याच्या आतली वस्तू यांच्यामधली सीमा. १९८३ साली एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरची सोय आली, तेव्हा पुढे झुकलेली रेघ आधीच आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात होती. म्हणून मायक्रोसॉफ्टने फोल्डरांसाठी उलटी रेघ निवडली. युनिक्समध्ये आधीपासून सरळ तिरकी रेघच होती. आज विंडोज दोन्ही रेघा मार्गाच्याच समजतं. त्यामुळे '७/१२ यादी' असं नाव दिलं की कधी 'नाव वैध नाही' असा संदेश येतो, कधी 'मार्ग सापडत नाही' असा. हा दुसरा संदेश वाचला की लोक केबल उपटायला धावतात. '७-१२' लिहा, काम झालं.

आता लांबी. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण इथे मराठी नावांची अडचण इंग्रजी नावांहून वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. समजा फाइलचं नाव असं आहे : 'मौजे केळापूर येथील अतिवृष्टीमुळे झालेल्या कापूस पिकाच्या नुकसानीचे पंचनामे व बाधित शेतकऱ्यांची यादी'. अशी नावं मी रोज पाहतो. विंडोजच्या डिस्कवर एका नावाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं, मोकळ्या जागा आणि शेवटचं डॉट-डॉक्सही धरलं, तरी हे नाव १०४ चिन्हांत बसतं. डेस्कटॉपवर ते आरामात सेव्ह होतं.

पण कार्यालयाने फाइली ठेवायला नॅस पेटी घेतली असेल, तर ती बहुधा आतून लिनक्सवर चालते. तिथेही मर्यादा २५५चीच, पण चिन्हांची नव्हे, बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला तीन. आपलं नाव तिथे २७८ बाइट होतं आणि पेटी ते नाकारते. नुसती देवनागरी असेल तर ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. इंग्रजीत नावं देणाऱ्या कार्यालयाला हा अनुभव सहसा येतच नाही, म्हणून बाहेरून आलेला तंत्रज्ञही चक्रावतो.

शिवाय संपूर्ण मार्गाची लांबी वेगळी. विंडोजची जुनी मर्यादा २६० चिन्हांची. २०१६मध्ये विंडोज १०च्या एका अद्ययावत आवृत्तीत ती ओलांडण्याची सोय आली, पण ती चालू करावी लागते आणि प्रोग्रामनेही ती मानावी लागते. एक्सेल तर २१८च्या पुढे जात नाही. यातूनच तो नेहमीचा वाद होतो : साहेबांच्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह थेट आतल्या फोल्डरला जोडलेला असतो, मार्ग आखूड पडतो, फाइल उघडते. लिपिक सर्व्हरच्या वरच्या फोल्डरातून पायरी पायरीने आत जातो, मार्ग लांबतो, तीच फाइल उघडत नाही. दोघेही खरं बोलत असतात.

तपासायची रीत सोपी आहे. अडलेल्या फोल्डरातच ती फाइल '१' एवढ्याच नावाने सेव्ह करा. झाली, तर नेटवर्क, डिस्कमधली जागा आणि परवानगी तिन्ही ठीक आहेत. दोष नावात किंवा लांबीत. मग मूळ नावाने डेस्कटॉपवर सेव्ह करून बघा. तिथेही अडली तर एखादं चिन्ह नडतंय. डेस्कटॉपवर झाली आणि सर्व्हरवर अडली तर लांबी. '१' नावानेही सर्व्हरवर सेव्ह झाली नाही, तरच केबलला हात लावा.

नावं आखूड ठेवा. फोल्डरवर 'केळापूर' लिहिलेलं असताना आतल्या प्रत्येक फाइलवर 'ता. केळापूर जि. यवतमाळ' कशाला? '२०२४-०८ खरीप नुकसान यादी' एवढं पुरतं, आणि वर्ष-महिना पुढे असल्याने फाइली आपोआप क्रमाने लागतात. नाव टंकताना कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर न्या. विंडोज २०००पासून देवनागरीची सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. जुन्या फाइलींची नावं मात्र घाऊक बदलू नका. एक्सेलच्या याद्या एकमेकींशी सूत्रांनी जोडलेल्या असतील तर ते दुवे तुटतील.

पुढच्या आठवड्यात परवानग्या. तोवर ज्यांना प्रश्न पाठवायचे आहेत त्यांना एक विनंती : 'सेव्ह होत नाही' एवढंच लिहू नका. पडद्यावर आलेला संदेश शब्दशः उतरवा, फाइलचं पूर्ण नाव द्या आणि ती कुठल्या फॉन्टमध्ये टंकली तेही लिहा.