कळांच्या वेळी जवळ कोण?

सूरजागडच्या पट्ट्यात बाळंतपणाचा हिशेब आधी अंतरात होतो. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक धावतात, पण डोंगराआडच्या कित्येक टोल्यांवरून सडकेपर्यंत यायला पायवाटच आहे. जिल्ह्याचं महिला रुग्णालय गडचिरोलीत, शंभराहून अधिक किलोमीटरवर. शेजारच्या भामरागडचा तर पर्लकोटेला पूर आला की संपर्कच तुटतो. २०२४ च्या जुलैत त्या तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून ओढ्यापार न्यावं लागलं. त्यामुळे इथे बाळंतपणाचा विषय निघाला की बोलणं रस्ता, ॲम्ब्युलन्स आणि रक्त यांवरच येतं, आणि ते रास्तही आहे.

पण दवाखान्यात पोचल्यावर काय? लेबर रूमचं दार लागतं, सोबत आलेली आई किंवा सासू व्हरांड्यात बसते आणि माडिया बोलणारी विशीतली पोर मराठी-हिंदी बोलणाऱ्या अनोळखी माणसांत एकटी कळा सोसते.

शहरांत काही जण अलीकडे पैसे मोजून डूला नेमतात. ती डॉक्टर नसते, नर्स नसते. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही. कंबर दाबून देते, घोटघोट पाणी पाजते, उठून चालायला लावते, पुढे काय होणार ते समजावते. आणि मुख्य म्हणजे ड्यूटी संपली म्हणून निघून जात नाही.

एवढ्यानं काय होणार? जॉन केनेल आणि मार्शल क्लॉस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या गटानं ते मोजून पाहिलं. ग्वाटेमालातल्या गजबजलेल्या सरकारी रुग्णालयात त्यांनी काही बायकांजवळ प्रसूती होईपर्यंत एक साधी, ओळखपाळख नसलेली बाई बसवली. १९८० साली निष्कर्ष छापून आले: एकट्या बायकांना सरासरी १९.३ तास लागले, सोबत असलेल्यांना ८.८. अभ्यास छोटा होता, म्हणून १९९१ मध्ये ह्यूस्टनचा मोठा प्रयोग आला. तिथे सिझेरियनचं प्रमाण सोबतीविना १८ टक्के, तर डूलासोबत ८ टक्के निघालं. गंमत तिसऱ्या गटाची. त्या बायकांच्या खोलीत एक निरीक्षक नुसती नोंदी घेत बसली होती, एक शब्द बोलत नव्हती. तरी तिथलं प्रमाण १३ टक्क्यांवर आलं!

पुढे आकडे जमिनीवर आले. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १५ हजारांहून जास्त बायकांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा प्रसूतीचा वेळ सरासरी चाळीसेक मिनिटांनीच कमी झालेला दिसला. सिझेरियनची शक्यता मात्र सुमारे चौथाईनं घटली होती. फुकटात मिळणाऱ्या उपायाच्या मानानं हे थोडं नाही.

यामागे शरीराचा सरळ व्यवहार आहे. भीती वाटली की ॲड्रेनालिन वाढतं. ते गर्भाशयाचं आकुंचन मंदावतं, तिथला रक्तपुरवठाही कमी करतं. कळा लांबतात, त्यानं भीती आणखी वाढते. विश्वासातलं माणूस जवळ असलं की हे चक्र सैल पडतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला वाव मिळतो.

गडचिरोलीच्या गावांत हे सोबतीचं काम सुईण करत आली. तिचं गुणगान मात्र बेतानंच करावं. अडलेली बाई आणि गुदमरलेलं बाळ तिच्या हातून वाचतंच असं नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिला मोडीत न काढता तिच्या जोडीला गावातलीच एक शिकवलेली बाई दिली. घरच्या बाळंतपणात सुईण आईकडे पाही, आरोग्यदूत बाळाकडे. ३९ गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली हे प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून हीच पद्धत देशभरच्या आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा त्या घरी जातात: बाळाचं वजन, ताप, अंगावर पाजणं.

बाळंतिणीचं काय, हा प्रश्न त्यात जरा मागेच राहतो. त्याच ३९ गावांत १९९५-९६ मध्ये ७७२ बायकांची नोंद ठेवली गेली. प्रसूतीच्या वेळी त्रास झालेल्या १७.७ टक्के होत्या, बाळंतपणानंतर ४२.९ टक्के. स्तनांच्या तक्रारी, उशिरा सुरू झालेला रक्तस्राव, जंतुसंसर्ग. काहींना तर झोपच नाही. 'सहा भेटी झाल्या' या रकान्यात हे सगळं मावत नाही.

दवाखान्यातल्या सोबतीचं म्हणाल तर 'सर्च'नं शोधग्राम या आपल्या वसाहतीत दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं होतं. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते आणि आमच्या माणसांना जवळ राहू देत नाहीत, असं लोकांनी सांगितलं. मग माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा उभा राहिला, नातेवाइकांना राहता येईल असा. सरकारची माहेरघर योजनाही याच समजुतीची: तारीख जवळ आली की दुर्गम टोल्यावरची बाई लेकरं आणि एक नातेवाईक घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी आधीच मुक्कामाला येते. नदी चढण्याआधी ती पलीकडे पोचलेली असते, आणि सोबतीणही.

त्या सोबतिणीला दाराच्या आत घ्यायला कायद्याची अडचण नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीसोबतिणीला परवानगी दिली. अटी साध्या आहेत: ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, कर्मचाऱ्यांच्या कामात तिनं ढवळाढवळ करू नये, दुसऱ्या बाईकडे जाऊ नये. शेवटची अट पाळायची तर दोन टेबलांमध्ये आडोसा हवा. तेव्हा लेबर रूमच्या खरेदीत मॉनिटरच्या आधी पडदे आणि भिंतीशी एक स्टूल लिहायला हरकत नाही.