बक्षीस फुलाला की कुंडीला?

शाळकरी पोराच्या हातच्या फुलांना शाबासकी मिळण्याच्या जागा मोजक्याच. पोषण आहार योजनेतल्या परसबाग स्पर्धेत शाळांना बक्षिसं असतात, पण तिथला मान भाजीचा. झेंडू येतो तो टोमॅटोचा पहारेकरी म्हणून. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला आधी त्याच्यावर जातो, त्याची मुळं सूत्रकृमींना आवरतात. शाळांमधली राष्ट्रीय हरित सेना 2001 पासून आहे, तिचा भर पर्यावरण जागृतीवर. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं. तिथे मुलांची चित्रकला स्पर्धा दणक्यात होते. म्हणजे फूल काढायचं, तेही कागदावर!

महाड-पोलादपुरासारख्या मुसळधार पावसाच्या भागात खरी परीक्षा दसऱ्याच्या झेंडूची. लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी फूल येतं, म्हणून रोपं ऐन श्रावणसरींत लावावी लागतात. सपाट वाफ्यात पाणी तुंबलं की मुळं कुजलीच. वरंबा उंच हवा, पाण्याला वाट हवी आणि महिनाभराने शेंडा खुडायला हवा. वाढतं रोप आपल्या हाताने खुडायचं म्हटलं की मुलं कचरतात; पण खुडल्यावरच बगलेतून फांद्या फुटतात, कळ्या वाढतात.

मोठेपणी कृषी विभागाचे युवा शेतकरी, उद्यानपंडित हे पुरस्कार आहेतच. शाळेत फुलांची स्पर्धा भरली तर परीक्षकांनी मात्र नर्सरीतून आणलेली फुललेली कुंडी बाजूला ठेवावी आणि मुलाची वही मागावी: बी कधी टाकलं, किती रोपं मेली, का मेली.