रोगांचा माग आणि आपले विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. काहींच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. याचा अर्थ आपल्याकडे निपाहची साथ आली असा नव्हे. त्या प्राण्यांचा विषाणूशी संपर्क आला होता, एवढेच त्यावरून कळते.

रोगाचे जंतू कोणत्या प्राण्यात राहतात, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वाटेने माणसापर्यंत पोहोचतात, हे शोधणारे शास्त्र म्हणजे रोग-परिस्थितिकी. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा याच संस्थेतील संशोधकांनी गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचा छडा लावला. हाच ताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातही आढळला.

सातारा-सांगलीतील प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांना या क्षेत्रात वाव आहे. पुण्याच्या याच संस्थेत विषाणुशास्त्राचा, तर पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रात आरोग्यविषयक कीटकशास्त्राचा एम. एस्सी. अभ्यासक्रम आहे. पीएच. डी.साठी सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देता येते. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्तीही आहे.

विद्यार्थ्यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षातच प्राध्यापकांकडे चौकशी करावी व जाहिरातींवर लक्ष ठेवावे. गुहा आपल्या डोंगरातली आहे. तिचा अभ्यास करणाराही आपल्यातूनच पुढे यावा, असे आम्हांस मनापासून वाटते.